चक्रवाक बघायला

कोंबडी आणि पारव्यातला फरक न कळणारे तात्यासाहेब हिवाळा लागल्यापासून दर रविवारी दुर्बीण घेऊन गोदावरीवर चक्रवाक बघायला जात. घरी येऊन एकाही पाखराचं नाव सांगतील तर शपथ! आशाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. आज त्या हट्टानं सोबत आल्या. समोर पाण्यावर केशरी चक्रवाक बदकांचा थवा तरंगत होता. पण नवऱ्याची दुर्बीण थेट पैलतीरावर रोखलेली. “कोण हाय तिथं? दाखवा बरं!” त्यांनी दुर्बीण हिसकावलीच. तिथं भांडून वेगळ्या निघालेल्या मुलाच्या अंगणात सून कपडे वाळत घालत होती. “त्याचं नाव घरात काढायचं नाय,” असं तात्यासाहेबांनीच बजावलं होतं. दोरीवर हिरव्या इरकलीची कुंची दिसली. आशाबाईंनीच आपलं लुगडं फाडून चोरून शिवून पाठवलेली. त्यांनी दुर्बीण खाली घेतली. तात्यासाहेब बदकांकडं बघत म्हणाले, “नातीला आता आखूड होतीय. दुसरी शिव.”