प्रोबर्टबाईंच्या टिपा

वेल्समधली ती ऑगस्टची सकाळ साठ वर्षांनीही आठवते. विद्यापीठानं प्रवेशासाठी इंग्रजीत ‘बी’ मागितला होता. माझ्या निकालाच्या पाकिटातून ‘डी’ निघाला. प्रोबर्टबाईंनी वर्षभर आम्हाला भलतंच नाटक शिकवलं, हे परीक्षेतच कळलं होतं. “परीक्षा मंडळानं न कळवता बदललं, पोरींनो,” म्हणत त्या रडल्या, आणि आम्हीच त्यांची समजूत काढली. निकाल घेऊन मी त्यांच्या मुलीकडे, माझ्या जिवलग नेस्टाकडे, रडायला गेले. तिला ‘ए’ मिळाला होता. तिच्या उशाशी नेमलेलं खरं नाटक होतं. पानोपानी बाईंच्या पेन्सिलीच्या टिपा, खाली तारीख परीक्षेआधीच्या ईस्टरची. “तुला माहीत होतं?” “आईची नोकरी गेली असती, ऑल्वेन. तिनं शपथ घातली होती.” मग तिनं तेच पुस्तक माझ्या हातात ठेवलं. “घेऊन जा. परीक्षा पुन्हा देशील तेव्हा, पुढच्या वर्षीही, हेच आहे. आईनं यंदा मंडळाला विचारून घेतलंय.”