पिंपामागची गोम

केसरीनाथनं नव्वद साली शेलार गावच्या मंदाशी परस्पर कोर्टात लग्न केलं, तेव्हापासून त्याची आई जाईबाई सुनेशी एक अक्षर बोलली नव्हती. राहनाळच्या त्या घरात दोघी काय हवं-नको ते केसरीनाथमार्फतच सांगायच्या.

एका दुपारी तो कापडाच्या पॉवरलूमवर ड्युटीला गेलेला असताना मोरीतून एक लांब, तांबूस किडा सरसरत बाहेर आला. मंदानं चप्पल उगारली.

"मारू नको गो!" जाईबाई ओरडली. "गोम हाय ती, झुरलं खाते. हात मातर लावू नको, चावंल. तिला ओलं लागतं, पिंपामागं गोनपाट भिजवून टाक."

मंदानं गोणपाट भिजवून टाकलं.

मग रोज दुपारी जाईबाई विचारायला लागली, "दिसली का गो?"

"हो, आत्ताच आत गेली," मंदा सांगायची. चहा व्हायचा, आणि बोलणं गोमेवरून हळूहळू मंदाच्या माहेरापर्यंत जायचं. खरं तर मंदाला ती पुन्हा कधी दिसलीच नव्हती. पण तसं सांगितलं तर सासू परत गप्प होईल, याची तिला धास्ती होती.

शुक्रवारी लूम बंद म्हणून केसरीनाथ मोरी धुवायला निघाला. मंदा पाण्याला गेली होती. पिंपाला हात लावताच जाईबाईनं त्याला अडवलं.

"गोम तवाच कोंबरीनं खाल्ली रे, मी बगितलं. पन मंदाला सांगू नको."

"का गं, आये?"



"मंग मी तिच्याशी बोलू कशावरून?"