सावळाराम आजोबांचे ओठ

शाल्मली जन्मतः बहिरी होती आणि कानात चिप बसवल्याशिवाय नर्सची नोकरी कायम होणार नव्हती. तिने बसवून घेतली. महिन्याभराने कामावर आली ती थेट सावळाराम आजोबांच्या खाटेपाशी गेली. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता, लिहिता येत नव्हतं आणि त्यांचे ओठ वाचणारी वॉर्डात ती एकटीच होती.

तिला पाहताच आजोबा घाईघाईने बोलू लागले. शाल्मलीला मॉनिटरचा आवाज ऐकू येत होता. ओठ मात्र नुसतेच हलत होते.

"मेंदूची ओठ वाचणारी जागा आता ऐकण्याच्या कामी लागली," डॉक्टर म्हणाले. "सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"हो. मीच सही केली."

आजोबांनी तिचा हात धरला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.