हँडलवरची बातमी

“डोळ्यांना दिसते ती अफवा, रेडिओ सांगतो ती बातमी!” असं ठणकावून वरच्या मजल्यावरच्या तात्यांनी हँडल फिरवून चालणारा रेडिओ मांडीवर घेतला, आणि पहिल्याच फेऱ्यात त्यांच्या सदऱ्याची बाही त्यात अडकली.

पुरामुळे वीज गेली होती आणि सगळ्यांच्या मोबाईलनी माना टाकल्या होत्या. तात्यांची लेक नदीपलीकडे अडकली होती आणि जावई इकडे. आमच्या इमारतीला लागून असलेला पूल खुला आहे की बंद, एवढंच कळायला हवं होतं.

“मी बघून येते,” तात्यांच्या पत्नी, काकू, चपला शोधत म्हणाल्या.

“तुझ्या बघण्यावर कोण विश्वास ठेवणार? अधिकृत कळू दे!” तात्या धापा टाकत म्हणाले.

हात थांबला की आवाज विझायचा. म्हणून तात्या दमल्यावर जावई आणि जावई दमल्यावर मी, असा खांदेपालट चालला होता. अखेर निवेदिका म्हणाली, “आता पुलाविषयी.” जावयाने झडप घालून माझ्या हातातलं हँडल घेतलं.



“पुलाचं नेमकं काय झालंय, ते अजून आम्हालाही कळलेलं नाही. जवळपास कुणी राहत असेल, तर कृपया जरा बाहेर डोकावून आम्हाला सांगा.”