विजिलिओचा बिल्ला

“उजवी कडी काढायची, खुंटीच्या पलीकडे लावायची आणि मगच डावी,” विजिलिओ मागून सांगत होता. “दोन्ही एकदम काढल्या तर आपण थेट चर्चच्या अंगणात, बाई. तिथे आज लग्न आहे. उगाच लोकांची पंगत मोडेल.”

लोरेट्टाबाई हसल्या आणि त्यांचा अडकलेला पाय हलला. बोलोन्याच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या या बाई आयुष्यात पहिल्यांदाच लोखंडी वाटेने चढत होत्या. कातळात ताणलेली पोलादी तार, थोड्या थोड्या अंतरावर ती धरून ठेवणाऱ्या खुंट्या आणि कंबरपट्ट्याला दोन कड्या, एवढ्या भरवशावर माणूस कावळ्यांचा कडा चढतो. पहिल्या दहा मिनिटांत बाई तीनदा घरी जाते म्हणाल्या होत्या. विजिलिओने त्यांना बोलण्यात गुंगवून अर्ध्यापर्यंत आणलं होतं.

सगळ्यांत पुढे त्याची मुलगी फिओरेन्झा होती. आज वाटाडी ती, बाप नुसता सोबतीला, असं बाईंना सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी की परीक्षा बापाची होती. गेल्या महिन्यात त्याने चार पाहुण्यांना भलत्याच दरीत उतरवलं आणि धुकं होतं म्हणून सांगितलं. धुकं नव्हतं. मग वाटाड्यांच्या मंडळाने ठरवलं, की अडुसष्ट वर्षांच्या विजिलिओने एकदा तरुण वाटाड्याच्या नजरेखाली चढून दाखवावं. कागदावर ‘योग्य’ आलं तर छातीवरचा बिल्ला राहील, नाहीतर चाळीस वर्षांचं काम या उन्हाळ्यात संपलं. आता आमच्या दरीत तरुण वाटाडे पाच आणि पाचही त्याच्याच हाताखाली शिकलेले. कुणाची पाठ धरली, कुणाला लग्नाला जायचं होतं. चौघांनी अंग काढून घेतलं. राहिली फिओरेन्झा.

तिला सकाळपासून स्वस्थता नव्हती. ती ढगाकडे बघे, घड्याळाकडे बघे, आणि फिरून नजर बापाच्या हातांवर. जन्मदात्यावर पाळत ठेवायची वेळ आली म्हणून तिला स्वतःचाच राग येत होता. पण त्याचं पाऊल अजून एकदाही चुकलं नव्हतं. मनातल्या मनात तिने ‘योग्य’ लिहूनही टाकलं होतं.

पुढे वाट आडवी जाते. पायाखाली वीतभर कपार, तिच्याखाली काही नाही. फिओरेन्झा पलीकडच्या ओट्यावर पोचली. बाई मनाशी पुटपुटत एकेक कडी बदलत आल्या आणि तिच्या शेजारी टेकल्या. मग विजिलिओ खुंटीपाशी आला. त्याने उजवी कडी काढली. मग डावीही काढली आणि तिथेच थांबला.

एका हाताने त्याने तार धरली होती. दुसऱ्या हातात दोन्ही कड्या होत्या. कुणीतरी भलत्याच घराच्या किल्ल्या हातात द्याव्यात तसा तो त्यांच्याकडे बघत होता.

फिओरेन्झाने ओरडायला उघडलेलं तोंड मिटलं. ओरडली असती तर तो दचकला असता.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “कड्या लावा.”

त्याने वर पाहिलं. बाप घाबरलेला तिने आजवर कधी पाहिला नव्हता. दुसऱ्याच क्षणी तो मोठ्याने हसला.

“अगं, आम्ही इथून मोकळेच जायचो. या तारा तुम्हा शहरी लोकांसाठी.”

बाईंना हे फार आवडलं. अशी माणसं आता राहिली नाहीत, असं त्या म्हणाल्या. फिओरेन्झा कपारीवरून परत गेली आणि तिने त्याच्या दोन्ही कड्या तारेत अडकवल्या. आपल्या कंबरपट्ट्याला त्याने कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. आज त्याने लावू दिला. बाईंना पुढे घालून उरलेला कडा ती त्याच्या एकच खुंटी पुढे चढली.

माथ्यावर रोवलेल्या क्रूसाच्या चहूबाजूंनी बाई फोटो काढत सुटल्या. त्या पार टोकाला गेल्यावर फिओरेन्झाने खिशातून कागद काढला आणि कितीतरी वेळ नुसता मांडीवर धरून ठेवला. तिला रडू येत होतं आणि बापासमोर रडायचं नव्हतं.

“बाबा, मला ‘योग्य’ लिहिता येणार नाही.”

“लिहिलंस तर माझी मुलगी नाहीस.” त्याने छातीवरचा बिल्ला काढून तिच्या हातात दिला. मग कागदाकडे बोट केलं. “खाली कारण विचारलंय ना? तिथे विसरला असं लिहू नकोस. माजला होता असं लिही.”

“अहो, सगळी दरी नावं ठेवील.”

“ठेवू दे. नावं ठेवतात तेव्हा माणसं तोंडावर येऊन भांडतात तरी. विसरायला लागलोय हे कळलं की दारात हलक्या आवाजात बोलायला लागतील. तुझी आईसुद्धा.”

फिओरेन्झाने लिहिलं, ‘वाटाडे विजिलिओ यांनी सुरक्षेचा नियम पाळला नाही.’

त्याने कागद ओढून घेतला, डोळ्यांजवळ धरून वाचला आणि परत दिला.

“जरा कडक लिही,” तो म्हणाला.