चमचाभर पाणी

फादर सायमननी बाळाच्या कपाळावर पाणी ओतायला हात उचलला, तोच संजना म्हणाली, "थांबा, फादर. हिचा बाप्तिस्मा झालाय."

शेवटच्या बाकावर लताबाई अंग चोरून बसल्या. त्या दवाखान्यातल्या आया. संजनाने फारच गळ घातली म्हणून, विहारात वंदनेला नेसायची पांढरी साडी नेसून पंचवटीतून आल्या होत्या. ही गोष्ट दोघींतच राहील असं त्या धरून चालल्या होत्या. आता आली का पंचाईत!

सासूबाई मार्थाबाईंनी गर्रकन वळून विचारलं, कधी, कुणी? संजनाने खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. पोर सातव्या महिन्यात झालेली, काचेच्या पेटीत. डॉक्टरांनी आशा सोडलेली. संजनाला टाक्यांमुळे उठवेना, नवरा राकेश अंबडला कंपनीत, फादरांचा फोन लागेना. शेवटी तिने लताबाईंचा हात धरला, शब्द शिकवले, चुकू नयेत म्हणून पुन्हा म्हणवून घेतले. आणि लताबाईंनी जाऊन बाळाच्या कपाळावर चमच्याने पाणी सोडलं.

"आयाने? अगं, ती बौद्ध आहे." मार्थाबाईंनी फादरांना बजावलं, परक्या हाताचं आपल्यात चालायचं नाही, पहिल्यापासून नीट करा.

झालं, लताबाईंना वाटलं. माझ्या चमचाभर पाण्यापायी या गुणी पोरीच्या संसारात मिठाचा खडा पडला. त्या गुपचूप उठून दाराकडे निघाल्या, पण फादरांनी हाक मारली. काय म्हणालात, ते विचारलं. लताबाईंनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"आणि मनात काय होतं?"

"खोटं कशाला बोलू, फादर. आमच्यात देव मानत नाहीत. मी म्हटलं, बाबा रे, मी काही तुला मानत नाही, पण ती मानते. तिचं ऐक."

बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. फादर हसले नाहीत. त्यांनी पाण्याचं भांडं बाजूला ठेवलं. बाप्तिस्मा एकदाच होतो, म्हणाले. जिवावर बेतलं तर तो कुणीही देऊ शकतो, आणि हा झालेला आहे. मग राहिलेला विधी म्हणून तेवढं पवित्र तेल लावून, बाळाच्या अंगावर पांढरा कपडा घालून त्यांनी प्रार्थना केली. संजना रडत होती आणि हसतही होती.

बाहेर आवारात केक वाटला जात होता. मार्थाबाई बशी घेऊन आपल्याकडेच येताहेत हे पाहून लताबाईंनी मनाची तयारी केली. दोन शब्द ऐकून घ्यायचे आणि रिक्षा धरायची.

मार्थाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. बाईंनी आयुष्यात एक रविवार चुकवलेला नाही. गुडघे टेकून टेकून घट्टे पडलेत.

"माझा धाकटा दोन वर्षं झाली, माझ्याशी बोलत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "मी रोज देवाकडे मागते. तुमचं ऐकतो तो, लताबाई. एकदा सांगून बघाल का?"

लताबाईंनी बशी कट्ट्यावर ठेवली, पदराला हात पुसले.

"नाव काय पोराचं?"