कुलदीपचं प्रोफाइल

मोर्शीतल्या संत्रा व्यापाऱ्याच्या ऑफिसात सीमा कॉम्प्युटरवरून आपल्या भावाचं, कुलदीपचं, ईमेलचं प्रोफाइल काढून टाकायला बसली होती. दोघंही इथेच कामाला होते; यादीत त्याच्या नावाखाली तिचं नाव होतं. परतवाड्याच्या रस्त्यावर जीप उलटून तो गेला, त्याला वर्ष झालं. पण ती त्याला मेल पाठवतच राहिली होती. ते सगळे त्याच्या इनबॉक्समध्ये न उघडलेले, ठळक अक्षरांत पडून होते.

"काढलं का, बेटा? का त्याले विचारून राहिली?" मालक ताहेरचाचा बाहेरून ओरडले.

"काढून राहिली, चाचा."

तेवढ्यात पहिल्या मेलचं ठळक अक्षर बारीक झालं, कोणी तो उघडून वाचावा तसं. मग दुसऱ्याचं. तिसऱ्यात संत्र्याचा बहार गळाल्याची लांबलचक हकिगत होती, तिथे जरा वेळ लागला.

तिने इंटरनेटची वायर उपसली. तरी अक्षरं एकामागून एक बारीक होतच राहिली.

शेवटचा मेल आज सकाळचा होता. 'दादा, आज तुयं प्रोफाइल काढा लागते. रागावू नको.'

तोही वाचला गेला.

सीमाने घाईघाईने माऊस धरला. तो तिच्या हाताखाली आपणहून सरकला. पडद्यावरचा बाण कुलदीपच्या नावावरून खाली उतरला, तिच्या स्वतःच्या नावावर थांबला आणि चौकट उघडली: हे प्रोफाइल कायमचं काढायचं?

तिच्या बोटावर हळूच भार पडू लागला.